उंबऱ्याशी बसलेली मंडळी

“ही आल्यापासून घराला ब्रेकच लागलाय बघा,” सासूबाई गॅलरीतून खालच्या मजल्यावरच्या जंगमवहिनींना सांगत होत्या. वाळत घातलेल्या चादरीमागे मी उभी होते, हे त्यांना दिसत नव्हतं.

“पायगुण असतो एकेकीचा,” जंगमवहिनी खालून म्हणाल्या.

मी तोंडातला चिमटा तोंडातच ठेवला. ब्रेक लागला होता हे खरं होतं, पण तो माझ्यामुळे नव्हता. आमचं लग्न झालं त्याच आठवड्यात आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हृदयाची धावपळ आवरणारा बीटा ब्लॉकर सुरू झाला होता आणि तो आमच्या उंबऱ्याशी स्टूल टाकून बसला होता.

त्याला आणायला मीही गेले होते. डॉक्टर शिराळकरबाईंनी चिठ्ठी लिहिली, मेडिकलवाल्यानं ती वाचून कपाटामागे हाक मारली आणि पन्नाशीचा, फिकट बुशशर्ट घातलेला एक माणूस हात पुसत बाहेर आला. रिक्षात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. सामान काही नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. “यांचं हृदय थकलंय. थकलेल्या हृदयाला शरीर सारखे निरोप धाडतं, जोरात चाल, जोरात चाल. ते चालतं आणि आणखी थकतं. हा माणूस ते निरोप दारात अडवेल. सुरुवात एकानं करू. झेपलं तर दोन आठवड्यांनी दोन, मग चार, मग आठ. प्रत्येक वेळी माणसं वाढली की पहिले काही दिवस जड जातील. चक्कर येईल, हात गार पडतील, गळाल्यासारखं वाटेल. रोज सकाळी वजन करायचं, पायांवर सूज आहे का बघायचं, काही वाटलं तर मला फोन. मात्र आपल्या मनानं यांना एकदम घालवायचं नाही.”

“का?” माझ्या नवऱ्यानं, पंकजनं विचारलं.

“निरोप घेऊन येणारे परत जात नाहीत. बाहेरच थांबतात.”

आमच्या घरी निरोप्यांची ये-जा पहिल्यापासूनच फार. आबा कराडच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचाच स्टँड केला. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटचं दार दिवसभर उघडं असायचं आणि निरोपे जिना धावत चढून यायचे. “आबा, नळाचं पाणी जाईल!” “आबा, गेटसमोर कुणीतरी जीप लावलीय!” “आबा, पंकजची गाडी चुकणार!” निरोप्या थेट त्यांच्या छातीशी जाऊन सांगायचा आणि आबा ताडकन उठायचे. घरात जेवण निम्मं उभ्यानं व्हायचं. “आटप, आटप,” हे आबांचं बोलणं सासूबाईंच्या कानात घड्याळासारखं चालू असायचं.

अशा घरात मी आले. मी मुळात सावकाश. त्यात दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून एक गोष्ट घडली. पंकज बॅग घेऊन दारातून बाहेर पडत होता आणि मी सहज विचारलं, “कुठे निघालात?”

पंकज दारातच थांबला. निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारायचं नाही, हे मलाही माहेरी सांगितलं होतं, पण माहेरी ते कुणी मनावर घेत नसे. इथे घेत होते. विचारलं की निघालेल्यानं परत आत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मगच निघायचं. पंकज परत आला, बसला, पाणी प्यायला. त्याची इस्लामपूरची गाडी गेली. नियंत्रकाच्या घरातून एक गाडी चुकली. सासूबाईंनी नुसता पेला उचलून नेला. त्या दिवसापासून कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलं, आणि मला कुणी फारसं विचारलं नाही.

पहिल्या माणसाशी आबांचं सुरुवातीलाच वाजलं.

“माझ्याच दारात बसून माझेच निरोप अडवता? कुणाच्या ऑर्डरनं?”

“डॉक्टरांच्या.”

“लेखी आहे?”

त्यानं चिठ्ठी दाखवली. आबांनी चष्मा लावून ती वाचली, तारीख पाहिली, शिक्का पाहिला. मग म्हणाले, “ठीक आहे. तुम्ही फलाट एक. जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवा.”

तो वाट मोकळी ठेवूनच बसायचा. दूधवाला, मी, पंकज, कुणाला त्याचा अडथळा नव्हता. निरोप्या धापा टाकत वर आला की मात्र तो एक हात आडवा धरायचा आणि म्हणायचा, “जरा दमानं.” एवढंच. निरोप्या थोडी हुज्जत घालायचा आणि मग पायरीवर बसायचा.

सकाळी मी त्याला चहा द्यायचे. तो चहा त्याला पार जेवणाच्या वेळेपर्यंत पुरायचा. एक घोट, मग बराच वेळ कपाकडे बघणं, मग दुसरा घोट. मीही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझा चहा संपवायचे. घरातली आम्ही दोघंच नवी होतो, आणि दोघांनाही फारसं काही बोलायचं नव्हतं.

दोन आठवड्यांनी दुसरा आला. मग चार झाले. मध्ये एकदा आबांच्या पायांवर सूज दिसली आणि वजन वाढलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी लघवीची गोळी वाढवली आणि म्हणाल्या, आता माणसं इतक्यात वाढवायची नाहीत, चारच राहू देत. त्या दिवसांत चौघंही जरा ओशाळल्यासारखे बसायचे.

जिन्यातली गर्दी मात्र वाढत होती. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले की निरोप्यांनी पायऱ्यांच्या एकाच बाजूला बसावं आणि कठड्याला टेकू नये, रंग नवीन आहे. निरोप्यांनी ते ऐकलं. कचरा टाकायला खाली जाताना मी त्यांच्या मधून जायचे. एक जण पहिल्या आठवड्यापासून तिथे होता. त्याच्याकडे “लाइट गेले” असा निरोप होता. ते कधीच परत आले होते, पण त्यानं निरोप जपून धरला होता.

“आता काय उपयोग?” मी त्याला विचारलं.

“उपयोगाचं आम्ही बघत नाही,” तो म्हणाला. “दारातून सोडलं की सांगायचं.”

घरात आबा दिवसेंदिवस शांत होत चालले होते. खुर्चीतून उठले की भिंत धरायचे. बोटं गार पडायची. एकदा आमटीत मीठच नव्हतं, तर त्यांनी ती मुकाट्यानं संपवली. सासूबाईंनी नंतर चव घेतली आणि ओट्याला टेकून रडल्या.

“माणूस ओरडला तरी असता गं,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, पण ऐकायला मीच होते. “सगळा संसार ‘आटप, आटप’ ऐकत केला. आता कुणी आटप म्हणत नाही, तर माझे हातच चालेनात. आणि हे असे हळूहळू बंद पडतायत. मला दिसतंय.”

मला दुसरं दिसत होतं. सकाळी अंथरुणं मीच काढायचे. मी आले तेव्हा आबा तीन उशा रचून, जवळजवळ बसूनच झोपायचे. आडवं झालं की त्यांना श्वास पुरायचा नाही. आता तिसरी उशी रात्रभर खुर्चीवरच असायची, दुसरी कधी कधी पायांशी सापडायची. मोज्यांचे वण घोट्यांवर उमटायचे थांबले होते. आणि फिरून येताना जिन्याच्या मधल्या चौकात, जिथे ते कठडा धरून थांबायचे, तिथे ते परवा निरोप्यांना “सरका” म्हणून न थांबता वर आले होते. पण सासूबाई त्यांचा चेहरा बघायच्या, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

एकदा मी पहिल्या माणसाला हळूच म्हणाले, “सासूबाईंना तुम्ही आवडत नाही.”

“सुरुवातीला कुणालाच नाही आवडत,” तो म्हणाला. “सवय व्हायला वेळ लागतो. आम्हाला घराची, घराला आमची.”

“आणि नाही झाली तर?”

“मग डॉक्टर एकेकाला कमी करतात. सावकाश.” त्यानं चहाचा घोट घेतला. “एकदम उठवलं तर वाईट.”

सूज उतरल्यावर आठ माणसं झाली, तो आठवडा सगळ्यांत जड गेला. उंबऱ्याशी जागा पुरेना, तेव्हा आबांनीच त्यांना फलाट वाटून दिले. तिघं दाराशी, तिघं पॅसेजमध्ये, दोघं टीव्हीच्या बाजूला. तेवढ्यानंही आबा दमले. तिसऱ्या दिवशी आंघोळीहून येताना त्यांना चक्कर आली आणि ते पॅसेजमध्ये खालीच बसले. पॅसेजमधल्या तिघांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी ब्लडप्रेशर किती ते विचारलं, पाय वर घेऊन झोपवा, उठताना आधी बसू द्या, उद्या सकाळी घेऊन या, असं सांगितलं. “आणि मंडळी तिथेच राहू देत,” त्या म्हणाल्या.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पोहे भिजवायला घेतले.

आठ माणसांचे पोहे केले, वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मला वाटलं, समजूत पटली. मंडळींनी सावकाश खाल्लं. मग सासूबाई आतून दह्याची वाटी आणि चमचा घेऊन बाहेर आल्या.

“तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत,” त्या पहिल्या माणसाला म्हणाल्या. आवाज गोड होता. “आता मात्र निघा. माझा माणूस मला परत हवाय. हात करा पुढे.”

हातावर दही पडलं की निघायचं, एवढं त्या मंडळींनाही ठाऊक होतं. रीत मोडण्यातली ती माणसं नव्हती. पहिल्यानं तळवा पुढे केला. मग दुसऱ्यानं. सासूबाई प्रत्येकाच्या हातावर अर्धा चमचा दही घालत गेल्या, आणि ज्याचं दही चाटून झालं तो उठून उभा राहत गेला. पंकज कामावर होता. आबा खुर्चीतून हे बघत होते.

जिन्यात हालचाल झाली.

मी दारातून बघितलं. पायऱ्यांवरचे सगळे निरोपे उठले होते. वरच्या पायरीपासून मधल्या चौकापर्यंत, तिथून खाली जंगमवहिनींच्या दारावरून पार पार्किंगपर्यंत. प्रत्येकाच्या तोंडात शब्द तयार होता. पाणी जाईल, गाडी चुकेल, बेल वाजतेय, कुकर, फोन, लाइट गेले. लग्नानंतर माझ्या माहेरची माणसं आली, तेव्हाचा “पाहुणे आले!” सुद्धा होता. पहिल्या आठवड्यापासूनचा. त्यांचा एकत्र श्वास घरात ऐकू येत होता. ते सगळे एकदम आबांच्या छातीशी जाणार होते, आणि ती छाती आत्ता कुठे दोन उशांवर आली होती.

आबांनीही तो श्वास ऐकला. त्यांचा हात छातीवर गेला.

आठव्याचं दही संपलं. पहिल्या माणसानं स्टूल भिंतीला लावलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

“कुठे निघालात?” मी विचारलं.

मोठ्यानं विचारलं. लग्न झाल्यापासून एवढ्या मोठ्यानं मी काहीच बोलले नव्हते.

“अगं बाई!” जिन्यातून भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या जंगमवहिनी म्हणाल्या.

पहिल्या माणसानं बाहेर टाकलेला पाय आत घेतला. स्टूल पुन्हा ओढलं आणि बसला. त्याच्यामागून बाकीचे सात, आपापल्या फलाटावर. दार उघडं होतं, त्यामुळे प्रश्न जिन्यालाही लागू झाला. निघालेले तर तेही होते. सगळ्यांत वरचा निरोप्या बसला, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. बसण्याचा तो आवाज पायरी पायरीनं पार्किंगपर्यंत गेला. शेवटचा कुणाच्या तरी स्कूटरवर बसला असावा. स्टँड खटकन पडल्याचं ऐकू आलं.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. चमचा हातातच होता.

“दोन उशा,” मी त्यांना म्हणाले. “आबा आता दोन उशांवर झोपतात, आई. तिसरी लागत नाही.”

त्यांनी आबांकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, छातीकडे. ती सावकाश वर होत होती, सावकाश खाली येत होती. त्या बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या.

“काय सुनबाई,” आबा खुर्चीतून म्हणाले. आवाज स्टँडवरच्या भोंग्यातला होता, फक्त हळू लावलेला. “सगळ्याच गाड्या रद्द?”

“नाही आबा. पाणी पिऊन निघतील.”

आबांनी आठही जणांवरून नजर फिरवली. या मंडळींना एक कप चहा किती वेळ पुरतो, ते त्यांनाही ठाऊक होतं. “मग लवकर काही सुटत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी छातीवरचा हात काढून खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

सासूबाईंनी दह्याच्या वाटीवर झाकण घातलं. पदरानं डोळे पुसले. मग त्या एकदम माझ्यावर खेकसल्या, “उभी काय राहिलीस? माणसं पाण्यासाठी थांबलीत. आटप, पेले काढ!”

“काढते, आई,” मी म्हणाले. “जरा दमानं.”