गुदमरण्याला दहापैकी चार

आमच्या रुग्णालयात छातीच्या जीवघेण्या जखमा ओळखण्यात हयगय होते, ही गंभीर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. त्यांनी तातडीचा उपाय योजला : खोट्या जखमीला मंचावर तपासायची स्पर्धा ठेवली. जखमीच्या भूमिकेसाठी लिफ्टमनची निवड झाली. निवड निव्वळ गुणवत्तेवर. लिफ्ट बंदच होती.

स्ट्रेचर मंचावर चढवताना चाक निखळलं आणि लिफ्टमन पायरीच्या कडेवर छातीने आदळला. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"वा! पडावं तर असं," परीक्षक प्राध्यापक म्हणाले.

स्पर्धक डॉक्टर वाकली आणि चपापली. माणसाला धाप लागलेली, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या टरारलेल्या.

"सर, ठरली होती डावी बाजू. ह्याची उजवी छाती हलतच नाहीये."

"पाठांतर कच्चं. दोन गुण कमी."

"ओठ निळे पडलेत, सर!"

"रंगभूषा भडक. आणखी दोन."

लिफ्टमनने धडपडत प्राध्यापकांची बाही धरली.

"परीक्षकांवर दबाव? आणखी दोन!"

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून त्याची बायको उठली. "अहो साहेब, ह्यांना सोंग जमत नाही हो! पोटदुखीची खोटी रजा मागायला जातात, तर दारातच हसू फुटतं. काहीतरी करा!"

"बाई, प्रेक्षकांनी उत्तर सांगायचं नाही."

"बरगडी मोडून छातीत हवा कोंडलीय," डॉक्टर ओरडली. "आत्ता सुई घालून ती हवा काढली नाही, तर हा जाईल!"

"आधी एक्स-रे."

"तो ह्याचा शेवटचा फोटो ठरेल, सर!"

सुयांची नवीकोरी पेटी मंचावरच होती, पण तिला फीत बांधलेली. उद्घाटक वाटेत होते आणि फीत कापायचा मान त्यांचा होता. प्राध्यापक नियम समजावून सांगू लागले. ते दुसऱ्या कलमावर पोचेपर्यंत बायकोने मंचावर चढून फीत दातांनी तोडली. डॉक्टरने सुई खुपसली. फुस्सकन हवा सुटली, आणि सभागृह पोट धरधरून हसलं.

लिफ्टमनच्या ओठांवर रंग आला. पहिला धड श्वास घेऊन त्याने विचारलं, "माझं काही चुकलं का, साहेब?"

स्पर्धेत खरा रुग्ण वापरल्याबद्दल डॉक्टरला नोटीस मिळाली. उद्घाटकांचा हक्क हिरावल्याबद्दल बायकोला समज मिळाली. पहिलं बक्षीस दुसऱ्या चमूने नेलं. त्यांचा जखमी शेवटपर्यंत ठणठणीत होता.

ही हकीकत मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे, आणि सांगताना ऐकणाऱ्यांची तोंडं न्याहाळायची मला खोड आहे. माणूस गुदमरतोय हे स्वच्छ सांगून झालं, की नेमके तिथूनच लोक हसायला लागतात.

तुम्हीसुद्धा.