म्याट कागदावरचे लिंगाप्पा

माणूस मेला की गोरा व्हायला लागतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या ध्यानात आली नसली तरी फोटो स्टुडिओवाल्यांच्या फार पूर्वीच आलेली आहे. तेराव्याला तो गव्हाळ असतो, वर्षश्राद्धाला निमगोरा, आणि नातवंडं शाळेत जायला लागेपर्यंत साधारण तुपाच्या रंगावर येऊन स्थिरावतो. यात कुणाची फसवणूक नाही. मेलेल्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही आणि जिवंतांची सोय होते.

हुमनाबादच्या बसस्टँडसमोर स्टुडिओ चालवणाऱ्या भीमाशंकरला हे तत्त्व पाठ होतं, पण त्याला एक खोड होती. डार्करूमच्या लाल उजेडात अर्धं आयुष्य गेल्यामुळे काळा म्हणजे काळाच आला पाहिजे, अशी त्याची समजूत झाली होती. २००७च्या सुमारास फिल्मचे रोल धुवायला कुणी येईना, तेव्हा त्याने हैदराबादहून इंकजेट प्रिंटर आणला, त्याला हार घातला आणि नारळ फोडला. (नारळाचं पाणी यंत्रात गेलं नाही. पुढे जे झालं त्याला नारळ जबाबदार नाही.)

त्या प्रिंटरवर काळ्यापांढऱ्या फोटोचं पहिलं गिऱ्हाईक आलं ते जवळच्या निर्णा गावचा श्रीशैल. तो पुण्यात एका बिल्डरची गाडी चालवायचा. बिल्डरच्या दिवाणखान्यात टीव्ही रंगीत, सोफा रंगीत, मासेसुद्धा रंगीत. फक्त भिंतीवरचे वडील तेवढे काळेपांढरे. तेही न चमकणाऱ्या कागदावर. प्रतिष्ठा अशी असते, हे श्रीशैलला तिथे कळलं.

"मैलारच्या जत्रंतला ह्यो येकच फोटो हाय अप्पाचा," तो म्हणाला. "काळापांढरा करा, अण्णा. आन कागद चमकाया न्हाई पायजे. म्याट म्हणतेत तेला."

"घाई हाय का?"

"तुळजाला बघायला पाव्हणे यायलेत. भिताडावर अप्पा पायजेत."

तुळजा ही श्रीशैलची धाकटी बहीण. वडील लिंगाप्पा जन्मभर उन्हात मेंढरांमागे फिरलेले, आणि पोरगी रंगाने बापावर गेलेली. आधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली होती आणि अजून कळवतच होती.

भीमाशंकरने पहिला प्रिंट काढला. लिंगाप्पा हिरवे आले.

"अप्पा हिरवे कामून दिसायलेत?" श्रीशैलने विचारलं.

कारण उघड होतं. यंत्र काळा रंग इतर रंगांची खिचडी करून बनवत होतं. भीमाशंकरने हिरवा कमी केला, तर लिंगाप्पा वांगी रंगाचे झाले. मग शाईची भोकं बुजली आणि त्यांच्या तोंडावरून आडवे पट्टे गेले. भोकं साफ करायचं बटण दाबलं की यंत्र घरघरून बरीच शाई पोटात घेई आणि तृप्त होऊन गप्प बसे. पुढच्या खेपेला कागद उलटा पडला आणि लिंगाप्पा शाई पिऊन फुगले. या कागदाच्या दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या दिसतात. कोपरा ओल्या ओठाला लावायचा, चिकटेल ती बाजू खरी. स्टुडिओत दिवसभर कागदांचे मुके घेणं चालू झालं, आणि भीमाशंकरच्या बायकोने माहेरी फोन केला.

शेवटी निवृत्त हेडमास्तर हणमंतराव यांना पाचारण करण्यात आलं. त्यांनी चष्मा पुसून यंत्राचं इंग्रजी पुस्तक वाचलं आणि सार सांगितलं, "अडचण दूर न झाल्यास विक्रेत्याशी संपर्क साधावा, असं लिहिलंय." विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, पुस्तक वाचा. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी समस्या-निवारण पूर्ण झालं.

तरी एक प्रिंट जमला. पट्टे नाहीत, हिरवेपणा नाही. मात्र काळ्याच्या जागी राख आली होती. धुक्यात उभे असल्यासारखे लिंगाप्पा फिकट, गुळगुळीत, बराच काळ पंख्याखाली नोकरी केल्यासारखे दिसत होते.

श्रीशैल खूश झाला. "ह्योच द्या!"

"ह्यो चुकलाय," भीमाशंकर म्हणाला. "काळा उतरला न्हाई. उद्या ये."

हाती आलेलं यश त्याने असं परत पाठवलं. मग खोक्यात हात घातला, तर तळाशी काळ्या शाईची आणखी एक डबी निघाली. तो तिला आजवर स्टेपनी समजत होता. (हमरस्त्यावरच्या गावात जास्तीची वस्तू म्हणजे स्टेपनीच.) हणमंतरावांनी डबीवरचं वाचून सांगितलं, की चमकत्या कागदाचा काळा वेगळा आणि म्याटचा वेगळा. भीमाशंकरने डबी बदलली, यंत्राला कागदाचं नाव नीट सांगितलं आणि बटण दाबलं.

लिंगाप्पा बाहेर आले. काळे. कपाळावरच्या आठ्या, ऊन लागून बारीक झालेले डोळे, गालावरचा मेंढ्याच्या शिंगाचा व्रण, सगळं जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी श्रीशैलबरोबर त्याची आई नागूबाई आली. फोटो समोर धरताच तिने पहिल्यांदा डोईवरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "जेवलीस का, इचारल्यावानी बघायलेत."

श्रीशैल मात्र गंभीर झाला होता. "अप्पा येवढे काळे होते व्हय? अण्णा, कालचा चुकलेला हाय का?"

"हाय. पर त्यो चुकलेला हाय."

"चुकलेलाच द्या. पाव्हणे यायलेत."

राखेचे लिंगाप्पा फ्रेममध्ये गेले. काळे लिंगाप्पा नागूबाईने मागून घेतले आणि चुलीच्या खोलीत, धान्याच्या कणगीला टेकवून ठेवले.

पाहुण्यांच्या दिवशी भीमाशंकर फ्रेम टांगायला निर्ण्याला गेला आणि श्रीशैलने त्याला जेवायला ठेवून घेतलं. मन्नाएखेळ्ळीचे वीरण्णा, त्यांची बायको आणि मुलगा आले. तुळजा पाणी घेऊन आली. वीरण्णांच्या बायकोने तिला पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि हिशेब मांडला.

"पोरगी सावळी हाय. पर बाप उजळ दिसतो. म्हंजे लेकरं उजळ व्हतील."

अनुवंशशास्त्रात शाईच्या चुकीच्या डबीचा हा बहुधा पहिलाच उपयोग असावा. भीमाशंकर भिंतीकडे न बघता भज्यांकडे बघत राहिला. सोयरीक जवळजवळ ठरली. तेवढ्यात हात धुवायला आत गेलेले वीरण्णा चुलीच्या खोलीपाशी थांबले.

"ह्यो कोण?"

श्रीशैल पुढे झाला.

"आमचा जुना गडी," तो म्हणाला. "मेंढरं राखायचा."

सगळ्यांनी नागूबाईकडे पाहिलं. तुळजाही बघत होती. तिच्या हातातला तांब्या थोडा कलला होता. नागूबाईने पदर पुढे ओढला.

"व्हय," ती म्हणाली. "लई इमानी होता."

वीरण्णांना गहिवरून आलं. गड्याचा फोटो घरात ठेवणारी माणसं पोरीला काय संस्कार देत असतील, असं ते बायकोला म्हणाले, आणि सुपारी तिथेच फुटली. तुळजा आता मन्नाएखेळ्ळीला सुखात आहे.

भीमाशंकरने परत आल्यावर काही दिवस कुणाचाच फोटो काढला नाही. मग वीरण्णांनीच आपल्या वडिलांचा फोटो पाठवला, पाठोपाठ त्यांच्या पाहुण्यांनी, आणि स्टुडिओला बरकत आली. म्याटची खरी डबी सुकून गेली. राखेचा फोटो आता चूक राहिलेला नाही. त्याला 'पुणे फिनिश' म्हणतात.

हा सगळा प्रकार वाचून ज्यांना श्रीशैलचा संताप आला, असे सुशिक्षित लोकही तिथे येतात. आमच्यात असलं काही मानत नाहीत, असं ते सुरुवातीलाच सांगतात. वडील होते तसेच आले पाहिजेत, असं बजावतात. पावती घेऊन पायरी उतरतात, आणि मग अर्ध्यातून वळून, आवाज जरा खाली आणून म्हणतात, "तेवढा लायटिंगचा इफेक्ट बघा."

भीमाशंकर त्यांच्यासाठी वेगळी शाई ठेवत नाही.