आठ-चाळीसची बस वाचवताना

श्रमिक समाजवादी पक्षाच्या मिनेहामा शाखेत प्रत्येक ठराव एकमताने मंजूर होत असे, कारण शाखेत माणसं सहाच होती आणि त्यातल्या दोघांना नीट ऐकू येत नसे. त्या दिवशीचा ठराव चिटणीस इसोगाई मास्तरांचा होता. तांदळाच्या पापड्यांची बशी बाजूला सारून ते उभे राहिले.

"सात नंबरची बस बंद करायचा घाट घातलाय कंपनीने," ते म्हणाले. "सोमवार ते बुधवार, सकाळच्या आठ-चाळीसला माणसं मोजणार आहेत. तीन दिवसांची सरासरी पाचाच्या खाली गेली, की मार्चपासून बस बंद. पण लक्षात घ्या, मोजणारी बाई बसमध्येच बसून येणार. म्हणजे कंपनीचे डोळे आयते आपल्या दारात! सोमवारी देवळापुढच्या थांब्यावर निदर्शनं करायची. जनतेचा संताप बघू दे तिला."

"ढोल मी आणतो," ताडोकोरो लगेच म्हणाले. रेल्वेच्या युनियनमध्ये त्यांनी तीस वर्षं ढोल बडवला होता आणि निवृत्तीनंतर त्यांचे हात शिवशिवत असत.

कुवाबाराबाई तेवढ्या गप्प होत्या. दवाखान्यात परिचारिका म्हणून जन्म गेल्यामुळे सुई कुठे टोचायची हे त्यांना बरोबर कळे. "मास्तर, त्या थांब्यावर चढतं कोण पण?"

"उमेझूआजी चढतात. मासळीवाली इवासे चढते. ते चष्मेवालं जोडपं आहे."

"आणि आपल्यापैकी?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे, बाई," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मतदान उरकून घेतलं.

सोमवारी सकाळी बोचरी थंडी होती आणि रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. सहाही कार्यकर्ते वेळेवर हजर झाले. सहाही आपापल्या गाडीने आले. ताडोकोरोंच्या छोट्या ट्रकमध्ये ढोल असल्यामुळे तो त्यांनी बस थांबते त्या जागीच लावला. लाल झेंडे उभे राहिले. 'सात नंबर आमच्या हक्काची' असं लिहिलेला लांबलचक फलक उलगडला, तर तो धरायला माणसं कमी पडली.

एवढ्यात उमेझूआजी आल्या. वय चौऱ्याऐंशी, गुडघे दुखरे, हातात औषधाची पिशवी. गेली अकरा वर्षं दर सकाळी त्या याच बसने शहरातल्या दवाखान्यात शेक घ्यायला जात. "या आजी, खरी जनता आली!" असं म्हणत ताडोकोरोंनी त्यांच्या गळ्यात लाल पट्टा घातला आणि फलकाचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. मासळीवाल्या इवासेबाईने कोपऱ्यावरून ढोल आणि झेंडे पाहिले आणि ती आल्या पावली परत फिरली. चष्मेवाल्या जोडप्याने टॅक्सी बोलावली.

बस आली. आपल्या जागी ट्रक पाहून ती बिचारी रस्त्याच्या मधोमध थांबली. दार उघडलं. पुढच्या बाकावर मोजणीचं यंत्र हातात घेऊन एक चष्मेवाली कारकून बाई बसली होती. मास्तरांनी तिच्याकडे बोट रोखून अशी काही घोषणा दिली, की त्यांची कवळी हलली.

"बस बंद पडू देणार नाही!"

"देणार नाही!" ढोल धडाडला.

"अहो, मला जायचंय," उमेझूआजी म्हणाल्या.

"जाणार नाही!" ताडोकोरो गर्जले. ते घोषणांच्या तालात होते.

आजींना फलक सोडवेना. सोडला असता तर तो बर्फात पडला असता, आणि दुसऱ्याची वस्तू खाली पाडायची नाही ही त्यांना लहानपणापासूनची शिकवण. ड्रायव्हरने अर्धं मिनिट वाट पाहिली. मग दार मिटलं आणि बस निघून गेली. मागच्या-पुढच्या थांब्यांवर या दिवसांत चिटपाखरूही नसे.

"जमलं!" मास्तर घाम पुसत म्हणाले. "पाहिलंत तिचं तोंड?"

"पाहिलं," कुवाबाराबाई म्हणाल्या. "आणि हातही पाहिला. तिचा अंगठा हललाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शून्य, मास्तर. कोणी चढलंच नाही. जी एक चढायला उरली होती, तिला आपण झेंड्याची काठी केली."

ढोल आपोआप थांबला. कुणी कुणाकडे बघेना. मास्तर अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते, आणि पाचाच्या सरासरीसाठी तीन दिवसांत पंधरा माणसं लागतात हे त्यांना पाटीशिवाय कळत होतं. त्यातला एक दिवस त्यांनी आपल्या हाताने, ढोल बडवून घालवला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींना दवाखान्यात पोचवणं ओघानेच त्यांच्याकडे आलं. गाडीत बसल्यावर आजींनी आसनावरून हात फिरवला. "अगं बाई, हे खालून गरम होतं की!"

"हो."

"छान आहे. मास्तर, तुम्ही बसला आहात का हो कधी सात नंबरात?"

मास्तरांनी खूप आठवून पाहिलं. "गाडी दुरुस्तीला होती तेव्हा... नाही, तेव्हाही मेहुण्याची आणली होती."

"असं होय," आजी म्हणाल्या. त्यांचा टोमणा मारायचा स्वभाव नव्हता, म्हणून मास्तरांना तो जास्तच लागला.

संध्याकाळी तातडीची बैठक झाली. उरलेल्या दोन दिवसांत सगळ्यांनी बसमध्ये बसायचं, एवढाच ठराव होता. ताडोकोरोंनी ढोलाचं काय असं विचारलं, तेव्हा कुवाबाराबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांच्या बायकोने, सुमिएने, चहा ओतता ओतता म्हटलं, "मीही येते. मी पक्षात नाही, पण माझं तिकीट तरी खरं धरतील." इवासेबाईची माफी मागून तिलाही वळवलं गेलं.

मंगळवारी नऊ जण थांब्यावर रांगेत उभे राहिले. झेंडे नाहीत, पट्टे नाहीत. बस आली. नेत्याने पुढे असावं या भावनेने मास्तर सर्वांत आधी सरसावले आणि पुढच्या दाराला भिडले. दार उघडेना. त्यांनी काचेवर टकटक केली.

"मागच्या दारानं, आजोबा," ड्रायव्हर ध्वनिक्षेपकावरून म्हणाला. आवाज बसभर आणि थांबाभर घुमला. "पुढून उतरायचं असतं."

मास्तर मागे धावले. तोवर रांग चढू लागली होती, ती त्यांच्यासाठी थांबली आणि तिथेच तिचा गोंधळ उडाला. ते पायरी चढून तडक आत गेले, तर उमेझूआजींनी मागून त्यांच्या कोटाचं टोक धरलं.

"चिठ्ठी, मास्तर, चिठ्ठी! त्या यंत्रातून आकड्याची चिठ्ठी ओढायची. नाहीतर उतरताना पार बंदरापासूनचं भाडं पडेल." आणि एखाद्या पहिलीतल्या पोराला द्यावी तशी आजींनी एक चिठ्ठी ओढून त्यांच्या हातात दिली.

कारकून बाईचा अंगठा नऊ वेळा हलला. मग तिने मांडीवरच्या फायलीतून एक कागद काढला आणि चष्मा सारखा केला. "तुम्हीच इसोगाई ना? चारशे बारा सह्यांचा अर्ज आला होता आमच्याकडे. पहिली सही तुमची." तिने हळू आवाजात, अगदी आदराने वाचलं, "'या बसवाचून आमचं रोजचं जगणं अशक्य आहे.'"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मास्तरांचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं, पण खाली बसचा पत्रा होता. ते मुकाट्याने मागे जाऊन बसले. ड्रायव्हरच्या मागच्या, उमेझूआजींच्या नेहमीच्या जागेवर ताडोकोरो ऐसपैस बसले होते. मागच्या बाकांची पायरी गुडघ्यांना झेपत नसल्यामुळे आजी दांडीला धरून उभ्या राहिल्या. ताडोकोरोंना कुवाबाराबाईंनी चिमटा काढून उठवेपर्यंत तीन थांबे गेले होते.

बुधवारी दोघा कार्यकर्त्यांना सर्दी झाली, तरी सात जण भरले, आणि आजींची जागा पुन्हा ताडोकोरोंनीच अडवली. सगळे शहरात उतरत असताना कारकून बाईने स्वतःहून सांगितलं, "सोळा झाले. सरासरी पाचाच्या वर. सप्टेंबरपर्यंत तरी बस चालू राहील." ताडोकोरोंनी तिथल्या तिथे विजयसभेचा बेत मांडला. मास्तर हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

गुरुवारी सव्वाआठला दाराची घंटा वाजली. उमेझूआजी उभ्या होत्या, हातात औषधाची पिशवी आणि भेट म्हणून चार संत्री.

"मास्तर, गाडी काढता का जरा?"

"का हो आजी? बस आहे की! वाचवली ना आपण!"

"वाचवलीत हो, पण मला आता बसायला जागा मिळत नाही तिच्यात," आजी संकोचून म्हणाल्या. "दोन दिवस उभी राहिले, गुडघा धरलाय. म्हटलं, मास्तरांची गाडी बरी."

आतून सुमिएच्या हातातलं भांडं जरा जोरात आदळलं. या बसची रोजची खरी प्रवासी एकच होती, आणि चळवळीने तिलाच खाली उतरवलं होतं. नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. त्यांनी किल्ली घेतली.

देवळाच्या वळणावर गाडी नेमकी सात नंबरच्या मागे लागली. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, दार उघडत होती, मिटत होती आणि पुढे जात होती. मागच्या काचेतून तिची सगळी बाकं दिसत होती, एकूण एक रिकामी. इवासेबाईसुद्धा नव्हती. कुवाबाराबाईंची पांढरी गाडी शेजारून पुढे निघून गेली, आणि बाईंनी मान वळवली नाही.

"अहो, आज तर केवढी जागा आहे!" आजी पुढे वाकून म्हणाल्या.

मास्तरांनी एकाएकी बसला मागे टाकलं. पुढच्या थांब्याजवळच्या बंद भाताच्या गिरणीपुढे त्यांनी गाडी उभी केली, आजींना हात दिला, आणि दोघं बर्फातून सावकाश थांब्यावर येऊन उभे राहिले.

बस आली. मागचं दार उघडलं. मास्तरांनी यंत्रातून दोन चिठ्ठ्या ओढल्या, एक आजींना दिली.

"आजोबा," ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "मोजणी काल संपली."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

आजी आपल्या जागेवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावरून हात फिरवून पाहिला.

"थंड आहे," त्या म्हणाल्या.