कानबाईचं बोलावणं

हितेंद्रला नोकरी लागत नव्हती तेव्हाची गोष्ट. श्रावणातला रविवार होता. चौरंगावर खानदेशाची देवी कानबाई बसलेली, नारळाला नथ, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. ज्योत्स्नाबाईंनी पदर पसरला आणि मनातल्या मनात नवस बोलला, "आई, माझ्या पोराला कुठेतरी चिकटव. साऱ्या भाऊबंदांना एका पंगतीत बसवीन, अन् पहिला रोट भावकीतल्या थोरल्या वना आबांच्या हातून मोडवीन." (मनातल्या मनात हे आपलं म्हणायला. शेजारी बसलेल्या नवऱ्याला, नवलरावांना, शब्द न् शब्द ऐकू आला होता.)

देवीने ऐकलं. हितेंद्र पुण्याला लागला. पहिल्या पगारात त्याने आईला मोठ्या काचेचा फोन घेऊन दिला. म्हणजे बघा, ज्या नोकरीसाठी नवस बोलला, त्याच नोकरीच्या पैशातून नवसाचा विचका करणारी वस्तू घरात आली. पण तेव्हा हे कुणाला कळणार? ज्योत्स्नाबाईंनी फोनलाही हळदकुंकू लावलं. काचेवरचं कुंकू पुसता पुसता फोन कुणाला तरी लागला आणि पलीकडून "कोण बोलतंय?" असं आलं, तेव्हा त्या दचकून नमस्कार करून मोकळ्या झाल्या.

आता त्यांच्या घराण्याची रीत सांगायला हवी, म्हणजे पुढचा घोळ ध्यानात येईल. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीसाठी, प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडा द्यायचा नाही, फेकायचे तर नाहीच, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. दुसरी रीत बोलावण्याची. घरच्या सुनेने दारोदार जायचं, कपाळाला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या. सासूबाई शेवंताबाई होत्या तोवर त्या सुनेला घेऊन एरंडोल, नशिराबाद, चाळीसगाव, धुळं असं सगळं हिंडायच्या. घरोघरी चहा. नको म्हटलं तर रुसवा, घेतला तर पित्त.

नवस फेडायच्या वर्षी ज्योत्स्नाबाईंचे गुडघे कुरकुरत होते. फोन हातातच होता. भाऊबंदांचा ग्रुप होता, त्यात सगळे होते. त्यांनी कानबाईचा मागच्या वर्षीचा फोटो लावला, खाली लिहिलं, "सर्वांनी रोटांना यावे," आणि बोट दाबलं. झालं बोलावणं! एस.टी. नाही, चहा नाही, पित्त नाही.

नवलराव केळीच्या गाड्या भरणाऱ्या ऑफिसात कारकून. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अन् वना आबा? त्यांच्याकडे बटनांचा फोन आहे."

"त्यांचा पोरगा अभिमन आहे ना ग्रुपमध्ये. सांगेल तो."

"तू जाऊन ये. एरंडोल काय लांब आहे?"

"तुम्हाला काय जातं सांगायला? तुमचे गुडघे खुर्चीत असतात."

नवलरावांनी चष्मा पुसायला घेतला. (घरात कधी गप्प बसावं, हे त्यांना ऑफिसातच शिकायला मिळालं होतं.)

तेवढ्यात फोन टुणटुणायला लागला. जोडलेले हात. फुलं. समया. पुन्हा जोडलेले हात. धुळ्याच्या भटूने तर एकाच वेळी इतके हात जोडले की देवीला वाटावं हजार हातांचा भक्त आला. चाळीसगावची धाकटी जाऊ दिपमाला, नशिराबादचा मगन, एरंडोलचा अभिमन, कुणी म्हणून राहिलं नाही. ज्योत्स्नाबाईंचे डोळे भरून आले. "बघा, सासूबाई असत्या तर! सगळे येतायत." आणि त्या गहू काढायला बसल्या. ज्या घरून हात आले, त्या घरातल्या प्रत्येक पुरुषाची सव्वा मूठ. घरघंटी इतकी तापली की तिला मधेमधे विश्रांती द्यावी लागली. पुरण मोठ्या पातेल्यात मावेना.

रविवार उजाडला. पंगतीच्या पट्ट्या टाकून झाल्या. आबांसाठी भिंतीला टेकून बसता येईल अशी जागा, पाठीला उशी. दिवस कलला तरी दारात चप्पल दिसेना.

फोन मात्र वाजत होता. "लाईव्ह दर्शन टाका," भटूने लिहिलं होतं.

नवलरावांनी फोन उंच धरला. काचेवर चौकोन उघडले. एका चौकोनात दिपमाला, एकात मगनचं कपाळ, एकात भटूच्या घरचा पंखा (तो पंखा शेवटपर्यंत तसाच फिरत राहिला), एकात हितेंद्र.

"मम्मी, सुट्टी नाही मिळाली गं. पण मस्त दिसतंय सगळं!"

आरती सुरू झाली. चाळीसगावची आरती संपून कापूर लागला तेव्हा धुळं दुसऱ्या कडव्यात होतं, आणि नशिराबादहून टाळ्या येत होत्या पण आवाज येत नव्हता. ज्योत्स्नाबाईंचं ताट ओवाळता ओवाळता चुकलं. शेवटी त्यांनी निरांजन खाली ठेवलं आणि फोनपाशी तोंड नेलं.

"काय हो, निघालात का नाही अजून?"

"कोठे, अक्का?" दिपमालाने विचारलं.

"कुठे म्हणजे? रोटांना! सगळ्यांच्या नावाने गहू काढलेत मी."

चौकोनांतल्या टाळ्या थांबल्या. पंखा तेवढा फिरत होता.

"बलावनं कोठे वनं, अक्का? मी तर तुझी वाट बघत होते. पापड तळून डब्यात भरले होते तुझ्यासाठी. तू कुंकू लावायला येशील म्हणून."

"अगं, ग्रुपवर टाकलं होतं ना! सगळ्यांनी हात जोडले!"

"फोटो होता देवीचा. देवीचा फोटो आला की हात नको जोडायला?" मगनचं कपाळ म्हणालं. "खाली काही लिहिलेलं होतं का? आम्ही कोण वाचतो खालचं."

"वहिनी, मी तर तो फोटो आमच्या गल्लीच्या ग्रुपवरही टाकला," पंख्याच्या मागून भटू म्हणाला.

म्हणजे गल्लीही आली असती! ज्योत्स्नाबाईंनी फोन उपडा ठेवला. पट्ट्यांकडे पाहिलं, आबांच्या उशीकडे पाहिलं. आत रोटांची चळत कपाळाला लागेल एवढी, आणि खाणारे दोघं.

पुढचे दिवस काय सांगावे! सकाळी दुधात रोट, दुपारी भाजीशी रोट, संध्याकाळी गुळाशी रोट. नवलराव रोट खाऊन ऑफिसला गेले, डब्यात रोट उघडले, आणि साहेबाने "जरा बघू" म्हणून हात पुढे केला तेव्हा झाकण लावून त्यावर बसले. शेजारीण वासावर आली, तिला दारातूनच "डोकं दुखतंय" सांगावं लागलं. पाहुणचाराचा जन्मभराचा लौकिक त्या आठवड्यात गेला.

"देवी आपल्यावर प्रसन्न आहे का कोपली?" नवलरावांनी पट्टा सैल करत विचारलं.

ज्योत्स्नाबाई हसल्या नाहीत. त्यांना रोटांचं ओझं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढून ती उशी हलत नव्हती. आबा थकलेले. दर वर्षी पहिला रोट त्यांच्याच हातचा. या वर्षी तो नवलरावांनी मोडला होता, आणि मोडताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गुडघ्यांना तेल लावलं. रोटांचा मोठा डबा, कुंकवाची डबी आणि अक्षता घेऊन एरंडोलची एस.टी. धरली.

वना आबा ओट्यावर बसले होते. खुंटीला पांढरीशुभ्र टोपी, घडी केलेलं धोतर. ज्योत्स्नाबाईंना पाहून त्यांनी पाय आवरून घेतले.

"ये व माय. बठ."

"आबा, मी..."

"अभिमननी फोटो दखाडा. नमस्कार करा मी. मी म्हनू, आते सून येई बलावाले. टोपीबी धोई ठेवेल शे." आबांनी खुंटीकडे बोट केलं. "आयतवारले दिनभर पेहरी बठनू."

रविवारभर टोपी घालून बसले होते. ज्योत्स्नाबाईंना रडू आवरेना. त्यांनी तसंच कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या, डबा उघडला.

"आबा, नवस मोडला माझा. देवी रागावली असेल."

आबांनी रोट मोडला. दात राहिले नव्हते, म्हणून दुधात भिजत घातला. मग शांतपणे म्हणाले,

"देवीले कसाना राग? राग माले येल व्हता. आते गया."

ज्योत्स्नाबाई रडता रडता हसल्या. आबांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"पुढला साल मी ऱ्हासू का नही, कोनले ठाऊक. पन तू ये. फोटो नको धाडू."

त्या ओट्यावरच त्यांनी दुसरा नवस बोलला. फोन ठेवीन, पोराचं तोंड त्यात रोज दिसतं, त्याला कसं टाकू? पण बोलावणं पायांनीच करीन. समोर माणूस असेल तेव्हा फोन उपडा. पुढच्या श्रावणात आबांना स्वतः घ्यायला येईन, आणि पंगत बसल्याशिवाय रोट मोडणार नाही. आई, तेवढं एक वर्ष आबांना दे.

परतीच्या एस.टी.त मन हलकं झालं होतं. इतकं हलकं, की हा नवस सगळ्यांना कळावा असं त्यांना वाटलं. फोन निघाला. नवस अक्षर न् अक्षर ग्रुपवर लिहिला, खाली "तुम्हीही असेच करावे" घातलं, आणि शोभेला कानबाईचा फोटो लावला.

घरी पोहोचेपर्यंत फोन टुणटुणत होता. जोडलेले हात. फुलं. समया. ज्योत्स्नाबाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, पाहा, सगळ्यांना पटलं!"

नवलरावांनी उरलेला रोट गिळला आणि काकुळतीने विचारलं, "म्हणजे पुन्हा गहू काढायचे का?"

तर बायांनो, भावांनो, ज्योत्स्नाबाईंचा दुसरा नवस अजून फिटायचा आहे, देवी तो फेडून घेवो. तुमच्याही गावात कुणीतरी टोपी धुऊन बसलं असेल. तेव्हा हे वाचून झालं की कृपा करून हात जोडू नका. चप्पल घाला.