राहतं घर कोणी उगाच विकत नाही

“घर घेऊन पस्तावतात ती माणसं वेगळी! मी घर घेईन तेव्हा पस्तावायची पाळी घरावर येईल!”

असं तपासनीस छाती पुढे काढून म्हणाले, आणि त्यांचं बोलणं जवळजवळ खरं झालं. कसं ते ऐका.

तपासनीस कुलुपांच्या कारखान्यात होते. तिथलं प्रत्येक कुलूप बाहेर पडण्याआधी त्यांच्या टेबलावर यायचं. ते किल्ली फिरवायचे, कुलूप कानाशी धरून हलवायचे, त्याचा वास घ्यायचे (कुलपाचा वास कशाला, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही), आणि मनात जरा किंतु आला की खिशातल्या लाल खडूने त्यावर फुली मारायचे. फुली पडली की कुलूप भंगारात!

आता कोणाला नखं खायची सवय असते, कोणाला पाय हलवायची. तपासनिसांना फुलीची होती. हात आपोआप खिशात जायचा आणि फुली मारून परत यायचा, त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. घरात डुगडुगत्या खुर्चीवर फुली, कुकरच्या दांड्यावर फुली, आणि सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या घड्याळावर तर किती वेळा पुसली तरी फुली! फुलीही कशी, एका टोकाला उंदराच्या शेपटीसारखी वळलेली. त्यांची बायको बिचारी फडकं घेऊन मागून पुसत फिरायची. संसार म्हटला की हे चालायचंच.

तर झालं असं, की भाड्याच्या घराच्या मालकाने मुलाचं लग्न ठरवलं आणि यांना जागा सोडायला सांगितली. बायकोने कंबर कसली आणि घरं बघायला सुरुवात केली. ती घरं शोधायची आणि हे नापास करायचे. एका घराचा जिना फार चकचकीत होता, म्हणजे नक्की कोणीतरी घसरलं असणार! एका घराचा मालक बोलताना नाक खाजवायचा. एका घरात तर सगळंच चांगलं होतं, आणि तपासनीस खालच्या आवाजात म्हणाले, “चल इथून. हे फारच चांगलं आहे.”

“अहो, मग कसं घर हवंय तुम्हाला?”

“दादाचं घर आठव! घाई केली, आता बसलाय. भिंतीला ओल, वरच्या मजल्यावर नाचाचा क्लास! तुला सांगतो, राहतं घर कोणी उगाच विकत नाही. काहीतरी असतंच! आणि पहिला बघायचा तो शेजार. भिंती दुरुस्त होतात, शेजारी होत नाही.”

राहत्या घराचं ते वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की बायकोने ते ऐकणं सोडून दिलं होतं.

शेवटी एका गल्लीच्या टोकाला एक जोडघर सापडलं. एका भिंतीला पाठ लावून दोन घरं. एकात रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, दुसऱ्यात रिटायर झालेले बसचे ड्रायव्हरकाका. मास्तरीणबाईंचं घर विकायचं होतं. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उतरायला एक रुंद पायरी, आणि पायरीला लागून लिंबाचं झाड. भाड्याच्या घरात हिच्या ओट्यासमोर शेजारच्या मोरीची भिंत होती, खिडकी उघडली तरी अंधारच यायचा. बायको त्या पायरीवर जाऊन बसली ती उठेचना! नुसती पदराने घाम टिपत झाडाकडे बघत राहिली. तपासनिसांनी ते पाहिलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. आवडलं की माणूस फसतो, हा त्यांचा अनुभव होता!

त्या दिवशी ते ड्यूटीवरून थेट आले होते. खाकी शर्ट, खाकी पँट, कपाळापर्यंत ओढलेली खाकी टोपी, हातात मोजायची फीत. त्यांनी चौकशी सुरू केली.

“घर का विकताय?”

“गुडघे हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “लेक म्हणते, आता माझ्याकडे येऊन राहा.”

“आत्ताच कसे दुखायला लागले गुडघे?”

“आत्ता नाही, बरीच वर्षं दुखतायत.”

“मग इतकी वर्षं का नाही विकलंत?”

मास्तरीणबाईंनी आयुष्यभर वर्ग सांभाळला होता, त्यामुळे त्या शांत राहिल्या. सरबत करून आणलं. झालं! तपासनिसांनी बायकोच्या कानात सांगितलं, “बघ, सरबत! कुठेतरी पाणी मुरतंय.”

मग त्यांनी भिंतींवर नाणं ठोकून आवाज ऐकला. जमिनीवर पेलाभर पाणी ओतून उतार बघितला. घरातले सगळे नळ एकदम सोडले. कपाटात डोकं घालून इतका वेळ वास घेतला की मास्तरीणबाईंना वाटलं, माणूस झोपला! कुठे काही सापडेना. तेव्हा ते बाहेर गेले आणि एकटेच कुंपणाच्या भिंतीला, फाटकाच्या खांबाला, खिडक्यांखाली वाकून वाकून बघत राहिले. जोडभिंतीचा अंदाज घ्यायला ड्रायव्हरकाकांच्या बाजूलाही जाऊन आले. जाता जाता रस्त्याची रुंदीही फितीने मोजली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “मग? काही सापडलं?”

“नाही ना! म्हणूनच तर झोप उडालीय!”

“मास्तरीणबाईंना काय सांगू? थांबायला तयार आहेत त्या.”

“का तयार आहेत? हाच तर प्रश्न आहे!”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तपासनीस पुन्हा त्या गल्लीत गेले. या वेळी साधे कपडे, डोक्याला टोपी नाही, डोळ्यांना काळा चष्मा. गुपचूप माहिती काढायची तर ओळख लपवायला हवी ना! गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान होतं. हातातल्या जुन्या पॅन्टची उंची कमी करायची आहे, अशी थाप मारून ते आत शिरले आणि सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, “ते टोकाचं घर विकायचं आहे म्हणतात. कसं आहे?”

शिंप्याने मशीन थांबवलं. दाराबाहेर डोकावून बघितलं. मग हळूच म्हणाला, “साहेब, तुम्ही भले दिसता म्हणून सांगतो. ते घर घेऊ नका!”

तपासनिसांच्या अंगावर आनंदाने काटा आला. “का? काय आहे त्यात?”

“रस्ता रुंद होणार! घर पाडणार! सरकारी माणूस येऊन गेला परवा. कुंपणावर, खांबावर, खिडकीखाली लाल फुल्या मारून गेला. शेजारच्या काकांच्या भिंतीवरसुद्धा! सगळी गल्ली हादरलीय.”

“तुम्ही पाहिलंत त्याला?”

“इथून पाहिलं ना! खाकी कपडे, हातात फीत. सगळा रस्ता मोजला त्याने! चेहरा टोपीत होता, पण जेवढा दिसला तेवढा एरंडेल प्यायल्यासारखा.”

“असतात काही काही माणसं,” तपासनीस सहानुभूतीने म्हणाले. “पण कामाला पक्का दिसतो!”

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला एवढंही कळू नये? अहो, कसं कळणार! घोरणाऱ्याला कधी आपलं घोरणं ऐकू येतं का? तपासनीस तिथूनच मागे फिरले. घर पाडणार म्हटल्यावर त्याच्याकडे बघायचं तरी कशाला! वाटेत दादाला फोन करून सांगितलं, “ऐक, धाकटा भाऊ वाचला! याला म्हणतात घर बघणं!” आणि पॅन्ट शिंप्याकडेच विसरले.

बायकोला बातमी सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. तिचा मात्र उतरत गेला.

“पाडणार? ती पायरी? ते झाड?”

“सगळं! म्हटलं नव्हतं मी? राहतं घर कोणी उगाच…”

“पुरे!” बायको म्हणाली. आजवर ती त्यांना असं कधी बोलली नव्हती. “त्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर जातंय आणि तुम्ही पेढे वाटल्यासारखं काय करताय? मी जाऊन येते त्यांच्याकडे.”

“आता कशाला? घर घ्यायचं नाही आपल्याला!”

“घरासाठी नाही जात. त्यांच्यासाठी जातेय.”

ती गेली तर मास्तरीणबाईंच्या अंगणात ही गर्दी! ड्रायव्हरकाकांनी ट्रंका भरून फाटकाशी आणून ठेवल्या होत्या. कोणी म्हणे मोर्चा काढू, कोणी म्हणे वशिला लावू. मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या होत्या, हिला बघून त्यांचे डोळे भरून आले.

“तू कशाला आलीस गं? आता हे घर कोण घेणार! लेकीकडे रिकाम्या हाताने जायची वेळ आली माझ्यावर.”

बायकोने त्यांचा हात हातात घेतला. आणि मग सहज तिची नजर समोरच्या खांबावर गेली. लाल फुली. एका टोकाला उंदराची शेपटी!

ती उठली. खांबाजवळ गेली. कुंपणाजवळ गेली. खिडकीखाली वाकली. इतकी वर्षं जी फुली घरभर पुसली, ती इथे गल्लीभर पसरली होती! आधी तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग जे काही आलं त्याला राग हा शब्द फार सौम्य आहे.

तिने नवऱ्याला फोन लावला. “असाल तसे निघा. आणि हो, ड्यूटीचे कपडे घालून या. टोपीसकट!”

“का? सरकारी माणूस आलाय का?”

“आत्ता येईल,” बायको म्हणाली.

तपासनीस खाकी चढवून, टोपी घालून ऐटीत आले. गल्लीत शिरताच शिंपी ओरडला, “आला! आला! हाच तो!” गर्दी त्यांच्याभोवती जमली. ड्रायव्हरकाकांनी हात जोडले. “साहेब, म्हातारपणी कुठे जाऊ? माझ्या भिंतीवरची फुली तेवढी काढा!” कोणी खुर्ची आणली, कोणी चहा आणला. तपासनीस चक्रावले, पण साहेब म्हटलं की कोणाला वाईट वाटतं! ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “घाबरू नका, आधी मला फुली बघू द्या.”

खांबाजवळ जाऊन त्यांनी फुली निरखली. “फुली योग्य जागी आहे. ही बघा, केसाएवढी भेग. मारणारा माणूस हुशार आहे. हात तर असा सफाईदार…” आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष शेपटीकडे गेलं. त्यांनी फुलीकडे बघितलं. मग बायकोकडे. मग आपला हात हळूच खिशात घातला. खडू होता. झिजलेला!

बायकोने बादली पुढे केली आणि ओलं फडकं त्यांच्या हातात दिलं.

“पुसा.”

सगळ्या गल्लीसमोर तपासनिसांनी उकिडवं बसून फुल्या पुसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! ड्रायव्हरकाका मागे उभं राहून “इथे राहिली, साहेब” म्हणून दाखवत होते, आणि त्यांच्या प्रत्येक ‘साहेब’ला गल्ली खो खो हसत होती. शिंप्याने तेवढ्यात पॅन्टही आणून दिली.

शेवटची फुली पुसून झाल्यावर तपासनीस मास्तरीणबाईंसमोर मान खाली घालून उभे राहिले. “घर… घर आम्ही घेतो,” ते पुटपुटले.

“तुम्हाला मी घर देणार नाही!” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या आवाजाने गल्लीतली मोठी माणसंसुद्धा ताठ उभी राहिली. “घर हिला देतेय. पाडणार म्हटल्यावर घर घेणारे सगळे पळाले, ही एकटी आली. तिच्या नावावर होईल घर. तुम्ही राहायचं का नाही, ते ती ठरवेल.”

बायकोने थोडा विचार केला. खरोखरच केला! तपासनिसांचा जीव टांगणीला लागला. मग ती म्हणाली, “राहू देत. पण खडू बाहेर ठेवून यायचं.”

तर असे ते त्या घरात राहायला गेले. बायको संध्याकाळी पायरीवर बसून लिंबाच्या झाडाकडे बघायची आणि तिचा चेहरा बघून तपासनिसांनाही मनातून फार बरं वाटायचं. घर खणखणीत निघालं. ओल नाही, भेग नाही, कुरकुर नाही. पण तपासनीसच ते! खडू गेला म्हणून शंका थोडीच जाते? रोज पहाटे उठून ते जोडभिंतीवर नाणं ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. पलीकडून खोकला ऐकू आला की पुन्हा ठोकायचे. कुंपणावरून डोकं काढून ड्रायव्हरकाकांना विचारायचे, “काल तुमचा नळ फार वेळ चालू होता, भिंतीत पाणी तर जात नाही ना?” काका आत निघून जायचे.

आणि एके दिवशी तपासनीस कामावरून आले ते धावतच. बायको पायरीवर लिंबं निवडत बसली होती.

“अगं, ऐकलंस का? काकांनी फाटकावर पाटी लावलीय! घर विकणे आहे म्हणून! चांगला धडधाकट माणूस, इतकी वर्षं राहिला, आणि आत्ताच विकतोय? मी तुला सांगतो, राहतं घर कोणी उगाच विकत नाही. काहीतरी असतंच!”

बायकोने हातातलं लिंबू खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

“असतंच,” ती म्हणाली.