बाल्कनीतलं राष्ट्रीय उद्यान

"हे माझ्यावर सोडा, पाच मिनिटांचं काम आहे," थोरली खांद्यावरची बॅग न उतरवताच म्हणाली, आणि तिथंच घराचं बिनसलं.

वनखात्याच्या माहिती केंद्रात ती दिवसभर उभ्यानं लोकांना फलक समजावून सांगायची. संध्याकाळी पायांचं पार लाकूड झालेलं असायचं. मग तिला एवढंच हवं असायचं: बाल्कनीतली खुर्ची आणि हातात आयता चहा. पण बाल्कनीतल्या वेलीत बुलबुलानं घरटं बांधलं होतं, आईचे कपडे तिथंच वाळायचे आणि बाबांचा फोन तिथंच चालायचा. बाल्कनी नक्की कुणाची, हाच त्या संध्याकाळचा वाद होता.

थोरलीनं बाल्कनीला अभयारण्य जाहीर केलं. म्हणजे पक्ष्याला संरक्षण, पण परवानगीनं माणसालाही थोडी मोकळीक. टॉवेल चालेल, चादर नाही. बाबांनी परवानगी गृहीत धरून काकांना फोन लावला. त्या आवाजानं बुलबुल घरटं सोडून समोरच्या तारेवर जाऊन बसला. थोरलीनं वैतागून दर्जाच वाढवला: राष्ट्रीय उद्यान. आता आत कुणीच नाही. या 'कुणीच'मध्ये आपणही आलो, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आली, कपड्यांचा स्टँड ओट्याला टेकला, आणि बाबा फ्रिजजवळ उभे राहून काकांशी बोलू लागले. खुर्चीला पुन्हा पुन्हा अडखळून झाल्यावर आईनं शांतपणे विचारलं, "अगं, हे संरक्षण मिळतं तरी कुणाला?"

थोरलीनं फलकावरचं पाठ म्हणून दाखवलं. जी जात थोडी उरलीय, जिच्या जागेत माणसं सारखी घुसतात, जिला क्षणाचा निवांतपणा नाही, तिला.

आईनं गॅस बंद केला. "मग मी तर या घरात एकच आहे," ती म्हणाली. दोघांना, खुर्चीला आणि स्टँडला बाहेर काढून तिनं दार लावून घेतलं.

बाबांनी भीत भीत दार वाजवलं. आतून उत्तर आलं, "चराईला बंदी आहे."

बापलेकींनी बिस्किटांवर भागवलं. सकाळी थोरलीनं दार किलकिलं केलं. आई स्टुलावर बसली होती, पाय दुसऱ्या स्टुलावर, डोळे मिटलेले, हातात वाफाळता कप. त्या खोलीत आईला बसलेली तिनं कधी पाहिलंच नव्हतं. चहाचं विचारायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं आणि दारही हळूच लावलं.

केंद्रावर यंत्रातला पाणचट चहा घेऊन ती फलकापाशी उभी राहिली. पहिल्याच बाईंनी विचारलं, "राष्ट्रीय उद्यान झालं, की तिथं आधीपासून राहणाऱ्या माणसांचं काय होतं हो?"

"त्यांना बाहेर हलवतात," थोरली म्हणाली. "पर्यायी सोय करतात म्हणे."