टाकीची मितभाषी पेटी

मदन महल वस्तीतल्या त्या सोसायटीत दर उन्हाळ्यात पाण्याची टाकी भरून वाहत असे आणि टाकीखालच्या गच्चीवर विनताबाईंच्या कुरडया वाळत असत. या दोन गोष्टींची गाठ पडू नये म्हणून समितीने टाकीत पाण्याची पातळी टिपणारं एक यंत्र बसवलं. काडेपेटीएवढी पेटी, तिच्यात बटणाएवढी बॅटरी.

सचिव भय्यासाहेब कारखान्याच्या आस्थापना विभागातून निवृत्त झालेले. पेटी बसवणाऱ्या अपूर्वने त्यांना समजावलं, "अंकल, ये अपने मन से नहीं बोलती. माहिती हिच्यापाशी कप्प्याकप्प्यांत असते. मोबाइलनं विचारलं की तेवढाच कप्पा दाखवते आणि परत झोपते. म्हणून बॅटरी दोन वर्षं चालते."

भय्यासाहेबांना भरून आलं. अशा कर्मचाऱ्याची त्यांनी नोकरीभर वाट पाहिली होती.

"पण टाकी भरली तर आपणहून सांगन ना?" विनताबाईंनी विचारलं.

"सांगेल ना काकू. मोबाइलवरून पातळीच्या कप्प्यात एकदा 'कळवत जा' असं लिहून ठेवायचं. लिहून देऊ?"

"थांबा," भय्यासाहेब म्हणाले. "हा धोरणात्मक निर्णय आहे. बैठकीत घेऊ."

पेटी एका वेळी एकाच मोबाइलशी बोले. तो मान अर्थातच सचिवांच्या जुन्या मोबाइलला मिळाला. तो पेटीजवळ हवा म्हणून जिन्यात ठेवला, गैरवापर नको म्हणून कपाटात, आणि कपाटाची किल्ली गेली भय्यासाहेबांच्या जानव्याला. बैठक मात्र गणपूर्तीअभावी तहकूब होत राहिली.

"काहून हो, मंजुरीचं काय झालं?" विनताबाई विचारत.

"विषय विचाराधीन आहे. पेटी काम करून राहिली ना, मग झालं."

रविवारी दुपारी टाकी भरली. पेटीने 'पूर्ण' अशी नोंद आपल्या कप्प्यात चोख ठेवली. विचारलं कोणीच नाही. कुरडया फुगून पुन्हा चीक व्हायला निघाल्या, पाणी जिना उतरून रस्त्यावर आलं. भय्यासाहेबांनी ओल्या पायांनी जाऊन कपाट उघडलं, पेटीला विचारलं. तिने तत्काळ कळवलं, टाकी पूर्ण भरली आहे.

"बघा," ते म्हणाले, "यंत्रणेत दोष नाही."

विनताबाईंनी लगदा परातीत भरला आणि समोरच्या गॅलरीतल्या यामिनीला विचारलं, "तुला दिसलं नाही का गं?"

"दिसलं ना काकू. मैं तो कब से देख रही थी. वाटलं, पेटी सांगन."

विनताबाईंनी परात उचलली. शिकवणीच्या मुलांना गणितं शिकवताना गच्चीवरचा पाण्याचा आवाज त्यांनीही ऐकला होता. आता यंत्र आहे, म्हणून त्या उठल्या नव्हत्या.

विचारल्याशिवाय न बोलणाऱ्या त्या पेटीची बॅटरी दोन वर्षं चालते. आपली तर जन्मभर पुरते.